चमचा, बॅटरी आणि आत्याची दाढ

आत्याचं उघडं तोंड मी चुकून ४३ जणांना पाठवलं.

पाठवायचं होतं एका डॉक्टरीणबाईंना. पण घरच्यांचा ग्रुप फोनमध्ये सगळ्यात वर टाचून ठेवलेला, चष्मा स्वयंपाकघरात आणि सकाळच्या शाळेची घाई. बोट घसरलं. दोन मिनिटांत पुण्याच्या चुलतभावानं विचारलं, ‘‘हे काय आहे?’’ एका काकांनी सवयीनं हात जोडल्याचं चित्र टाकलं. एका वहिनीनं तर ‘अभिनंदन’ लिहिलं. तिनं फोटो उघडलाच नसणार. मी तो काढून टाकेपर्यंत ज्यांनी बघायचा त्यांनी बघितला होता. त्यात आत्याची विहीणही होती.

फोटो म्हणून तो चांगलाच होता. खालचा जबडा, उजवी बाजू, स्टीलच्या चमच्यानं बाजूला ओढलेला गाल, शेवटून दुसऱ्या दाढेत काळा खड्डा आणि तिच्या मुळाशी हिरडीवर तुरीच्या दाण्याएवढा फोड. पण आत्याचा राग दाढेवरून नव्हताच. संध्याकाळी तिचा फोन आला, ‘‘दात दिसलं तर दिसू दे. मिसरी दिसली न्हवं त्यात!’’ मिसरी सोडून पाच वर्षं झाली, असं तिनं विहिणीला सांगून ठेवलं होतं.

आत्या मंगळवेढा तालुक्यात, दक्षिणेच्या अंगाला राहते. गावाचं नाव लिहीत नाही. एवढी चूक एकदा केली ती पुरे. वय अडुसष्ट, साखरेची गोळी चालू, दोन म्हशी, आणि स्वभाव असा की दुखणं सांगायचं ते बरं झाल्यावर. दाढ दिवाळीपासून ठणकत होती. आधी लवंग झाली, मग लवंगेचं तेल, मग कापूर. मग जी आधीपासून होतीच ती मिसरी त्या बाजूला जास्त दाबून झाली. तव्यावर भाजलेल्या तंबाखूच्या त्या पुडीनं हिरडी बधिर होते, ठणका घटकाभर थांबतो. आमच्याकडच्या कितीतरी बायकांची मिसरी अशी दाढदुखीतूनच सुरू झालेली असते. दाढ पडून जाते, मिसरी राहते.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात दात हा चैनीचा अवयव नाही. कडक भाकरी दाढेखाली मोडल्याशिवाय इथं जेवण झाल्यासारखं वाटत नाही, आणि हुरड्याच्या दिवसांत तर दाढा नसलेला माणूस आगटीपाशी नुसता पाहुण्यासारखा बसून असतो. आत्या यंदा हुरड्याला उठून गोठ्यात गेली, आणि पुढं भाकरी दुधात चुरून खायला लागली, तेव्हा कुठं वहिनीच्या लक्षात आलं.

‘‘सोलापूरला ये की,’’ मी म्हटलं.

‘‘येते की. शाळू निघू दे.’’

शाळू निघेपर्यंत म्हणजे महिना. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण ती उपटायला माणसं मिळत नाहीत. घरातलं एक जरी माणूस दिवसभर बाहेर गेलं की त्याची जागा भरायला कुणी नसतं. आणि दाढेसाठी एक माणूस जात नाही, दोन जातात. पेशंट आणि सोबत. एसटीनं बायकांना २०२३ पासून निम्मं तिकीट केलं, फार मोठी गोष्ट झाली ती; पण तिकीट निम्मं झालं म्हणून दिवस निम्मा होत नाही. पहाटेची धार काढून निघायचं, मंगळवेढ्यात गाडी बदलायची, साठ-सत्तर किलोमीटर करून दवाखान्यात पोचायचं, नंबर लावायचा, आणि संध्याकाळच्या धारेला परत. एवढं करून तिथं काय ऐकायला मिळतं? ‘‘साखर फार आहे हो, आधी ती खाली आणा, मग या.’’

हे मी कल्पनेनं सांगत नाही. आमचं सोलापुरातलं घर हे लहानपणापासून गावाकडच्या लोकांचं दवाखान्याचं घर. आई पाहुण्यांना तसंच ओळखायची. हे डोळ्याचे, हे मूळव्याधीचे, ह्या बाळंतपणाच्या. दातांचे पाहुणे सगळ्यात अवघड, कारण त्यांना जेवायला काय घालायचं हा प्रश्न. माझा एक मामा दाढेसाठी तीनदा आला. पहिल्या खेपेला डॉक्टर लग्नाला गेलेले. दुसऱ्या खेपेला रक्तदाब वाढलेला, म्हणून तसाच परत. तिसऱ्या खेपेला दाढ काढून घेतली, पण मधल्या दोन महिन्यांत शेजारची दाढही गेलेली होती. मामानं पुढं दातांचं नाव काढलं नाही. समोरचा दात पडला तेव्हा त्यानं आठवडी बाजारात तंबू टाकून बसलेल्या एका माणसाकडून तिथंच दात बसवून घेतला. चिकटवलेला, कायमचा. त्या दाताखाली अन्न अडकून दोन वर्षांत बाजूचे दोन चांगले दात हलायला लागले. त्याच्यावर हसायचं कशाला? बाजारातला तो माणूस दर आठवड्याला ठरल्या जागी भेटत होता आणि एका खेपेत काम करत होता. पदवीवाल्यांना ते जमलं नव्हतं.

२०११च्या जनगणनेप्रमाणे सोलापूर जिल्ह्यात ४३ लाखांवर माणसं आणि त्यातली दोन तृतीयांश खेड्यांत. तालुके ११. दातांच्या डॉक्टरांच्या पाट्या मोजायच्या तर सोलापुरात एका रस्त्यावर दहा सापडतील. बार्शी, पंढरपूर, अकलूजलाही बऱ्याच. तालुक्याचं गाव सोडून आत गेलं की पाट्या संपतात. डॉक्टरांना मी दोष देत नाही. दातांची खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे यांचं कर्ज फेडायचं आणि वीज मात्र बेभरवशाची, असं कोण आणि कसं चालवणार?

आमच्या जुळे सोलापुरातल्या डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनी. चौथीत असताना वर्गात बडीशेप खायच्या, एवढंच त्यांच्याविरुद्ध माझ्याकडं आहे. फोनवरून दात बघायची सवय त्यांना करोनात लागली. २५ मार्च २०२० ला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, डॉक्टरांनी दुरून पेशंट कसे तपासावेत याचे नियम सरकारनं जाहीर केले. पुढच्याच महिन्यात ई-संजीवनीची, म्हणजे सरकारची फोनवरून डॉक्टरांना दाखवायची, ओपीडी सुरू झाली. दातांच्या डॉक्टरांची अडचण तेव्हा सगळ्यांपेक्षा वेगळी. त्यांच्या मशीनमधून पाण्याचे तुषार उडतात, ते थेट पेशंटच्या तोंडातून. मग लोक व्हॉट्सअपवर तोंडं पाठवायला लागले. ‘‘पहिले दोन महिने मी नुसती धूसर टाळूच बघत होते, मॅडम,’’ असं त्या सांगतात. तेव्हापासून त्यांनी फोटो कसा काढायचा याचा एक आवाजी निरोप तयार करून ठेवलाय. मराठीत एक, कन्नडमध्ये एक. अक्कलकोटकडच्या आज्ज्या कन्नडातला निरोप ऐकून उलट त्यालाच उत्तरं देतात म्हणे.

तो निरोप मी आत्याच्या नातीला पाठवला. पोरगी बारावीत. तिचे वडील माझे आत्येभाऊ, म्हणून ती मला आत्या म्हणते, मी तिच्या आज्जीला आत्या म्हणते. फोनवर ‘आत्या’ म्हटलं की दोन माणसं ‘ओ’ देतात.

पहिले अकरा फोटो वाया गेले. एकात नुसते ओठ. दोनात आत्याचा हात, पोरीला ढकलणारा. बाकीचे सगळे दुधात बुडवल्यासारखे पांढुरके. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘‘काच पुसलीस का?’’ पोरीनं फोन उलटा करून बघितला तर कॅमेऱ्यावर भाकरीचं पीठ. ते पुसलं. मग उजेड. घरात अंधार, अंगणात ऊन, उन्हात आत्याचे डोळे मिटतात आणि डोळ्यांबरोबर तोंडही. शेवटी उंबऱ्यावर बसवलं, तोंड अंगणाकडं. वहिनीच्या फोनची बॅटरी लावली, ती शेजारच्या लहान मुलानं धरली. चमच्याचा दांडा नाही, पसरट बाजू गालाच्या आत घालून गाल अलगद बाहेर ओढायचा. फोन जवळ न्यायचा नाही. जवळ नेला की तो ओठ धरतो आणि दाढ सोडतो. वीतभर लांब ठेवून मग मोठं करायचं. आणि पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर वाटेत त्याचा चोथा होतो. इतकं सगळं सांभाळून तिनं तो बारावा फोटो काढला, आणि मी तो ४३ जणांना वाटला.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओवर वेळ ठरली. घरात नेट नाही, रेंज फक्त माळवदावर. म्हणजे आत्याचा दवाखाना आख्ख्या गल्लीला दिसेल असा.

मी इकडं शाळेच्या स्टाफरूममधून त्याच कॉलवर होते. डॉक्टरीणबाईंनी पहिली दहा मिनिटं दाढेचं नावही काढलं नाही. साखर शेवटची कधी तपासली? रक्त पातळ करायची गोळी आहे का? कुठल्या औषधानं अंगावर पुरळ उठलंय का? ताप? गिळताना दुखतं? तीन बोटं उभी करून तोंडात जातात का बघा. आत्यानं तीन बोटं घातली आणि तशीच बोलायला लागली. साखरेवर ती म्हणाली, ‘‘बरी हाय.’’ मागून वहिनीनं नाही अशी मान हलवली. एवढ्याशा पडद्यावर ती मान डॉक्टरीणबाईंना दिसली. दवाखान्यात वहिनी बाहेर बाकावर बसली असती.

मग डॉक्टरीणबाईंचा निकाल. फोड हिरडीपुरता आहे, गाल सुजलेला नाही, ताप नाही, म्हणजे आज रात्रीच धावत यायची गरज नाही. पण सूज डोळ्याकडं चढली किंवा हनुवटीखाली उतरली, ताप आला, गिळता येईना, तोंड उघडेना, तर माझ्या फोनची वाट बघायची नाही, मिळेल त्या गाडीनं मोठा दवाखाना गाठायचा. बाहेरून शेक द्यायचा नाही. हिरडीवर गोळी कुटून ठेवायची नाही, तिनं आत भाजतं. घरात उरलेल्या जुन्या अँटिबायोटिक गोळ्या घ्यायच्या नाहीत. आणि दाढेच्या आधी साखर.

साखर गावातच तपासली. उपकेंद्रावर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असं रंगवलंय, गाव अजून ‘सिस्टरचा दवाखाना’च म्हणतं. तिथल्या सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, मॅडमनी बोट टोचलं. २८६. त्यांनी लगेच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी बोलून गोळी बदलून घेतली. आठ दिवसांनी १६८. हा आकडा हातात आल्यावर डॉक्टरीणबाईंनी शनिवारी अकराची वेळ दिली. म्हणजे मामाच्या तीन खेपांतल्या पहिल्या दोन आत्यानं माळवदावर बसून उरकल्या.

माझ्या मते या सगळ्यातली खरी गोष्ट एवढीच. लोक विचारतात, फोनवरून दाढ काढता येते का? नाही येत. एक्स-रे निघत नाही, दाढ वाजवून बघता येत नाही, गाठ बोटाला लागत नाही, आणि तोंडाचा वास, जो डॉक्टरला बरंच काही सांगतो, तो अजून कुठल्याही नेटवर्कवरून जात नाही. फोन फक्त फुकटची खेप वाचवतो. ज्याला रोज सुट्टी मागता येते त्याला ही बचत किरकोळ वाटेल. जिच्या घरी दोन म्हशी आहेत तिच्यासाठी पहिल्याच खेपेवर उपचार अडलेला असतो.

आणि एक गोष्ट त्या व्हिडिओवर दिसली, ती कुणी शोधत नव्हतं. डॉक्टरीणबाई पोरीला म्हणाल्या, ‘‘जरा खालचा ओठ पुढं ओढ गं. अजून.’’ ओठाच्या आत, हिरडीच्या पायथ्याशी, जिथं आत्याचं बोट रोज मिसरी घासतं नेमकं तिथं, पांढरा सुरकुतलेला चट्टा. साबुदाणा वाळल्यावर ताटाला चिकटून राहतो तसा. डॉक्टरीणबाईंचा आवाज बदलला नाही, पण बोलणं एकदम नीटनेटकं झालं, ते मला कळलं. ‘‘हे मला हातानं बघायचंय. शनिवारी बघू.’’

गंमत म्हणा की काय म्हणा, हा प्रश्न आत्याला आधीच विचारून झालेला होता. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म आशाताई घरोघर जाऊन भरतात. तोंडात पांढरा-लाल चट्टा आहे का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, तोंड उघडायला त्रास होतो का, सगळं त्यात असतं. आत्यानं सगळ्यावर ‘न्हाई’ सांगितलं होतं. सून समोर, शेजारीण समोर, आशाताई पण गावातलीच. तंबाखूच्या रकान्यातही ‘न्हाई’. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण मिसरी कुणाला व्यसनच वाटत नाही, दात घासणं वाटतं. फॉर्मला खोटं सांगता येतं. चमचा आणि बॅटरी लावल्यावर मात्र काय सांगणार?

शनिवारी आत्या नातीबरोबर आली. अकराला खुर्चीवर, एक्स-रे, सुई, पावणेबाराला दाढ बाहेर. आत्यानं दाढ कागदात बांधून मागितली आणि म्हणाली, ‘‘खालची हाय म्हणून बरं. वरची काढली की डोळा जातो.’’ नाही जात, असं डॉक्टरीणबाईंनी दाताच्या आणि डोळ्याच्या नसांसकट समजावलं. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली, पटल्याची नव्हे, दमल्याची. चट्टा कापसानं पुसून पाहिला, बोटानं दाबून पाहिला. पुसला जात नव्हता, पण कडकही लागला नाही. मिसरी आजपासून बंद, दोन आठवड्यांनी परत फोटो. गेला नाही तर तुकडा काढून तपासायचा. कॅन्सर हा शब्द डॉक्टरीणबाईंनी उच्चारला, दबकत नाही, सरळ. आत्या म्हणाली, ‘‘आसंल तर आसंल. आता जिना कुठं हाय?’’

दुपारी घरी थंड दहीभात आणि आइस्क्रीम. तिसऱ्या घासाला तिचं घड्याळाकडं लक्ष. तीनची गाडी धरली. पूर्वी दाताचे पाहुणे तीन-तीन रात्री मुक्काम करायचे, सिद्धेश्वराला जाऊन यायचे, चादरी बघून यायचे, रात्री गाद्या पसरून गावाकडच्या गोष्टी चालायच्या. गाडी सुटल्यावर मला जरा चुकल्यासारखंच झालं. सोय झाली की येणंजाणं कमी होतं. त्याला इलाज नाही, पण लिहून ठेवते.

तिसऱ्या दिवशी खड्ड्याचा फोटो गेला, सातव्या दिवशी आणखी एक. ठीक आहे, मिठाच्या पाण्यानं चुळा चालू ठेवा. एवढ्या एका वाक्यासाठी पूर्वी एक दिवस जायचा.

दरम्यान गल्लीत पोरीचा भाव वाढला. चमच्याला लाल दोरा बांधून तो वेगळा ठेवलाय, दर वेळी उकळत्या पाण्यातून काढायचा. एक आज्जी कवळी टोचते म्हणून आली, एक पोरगा तंबाखू-सुपारीचा मावा खाऊन तोंड तीन बोटं उघडत नाही म्हणून त्याच्या आईनं ओढत आणला. डॉक्टरीणबाई सुरुवातीला पैसे घ्यायला संकोचायच्या. ‘‘फोटोच तर बघितला,’’ असं लोकही म्हणायचे. आता त्या १०० रुपये घेतात. त्यांचं म्हणणं, फुकट सांगितलेलं कुणी करत नाही. मला ते पटलं; शाळेत तीस वर्षं मी फुकटच सांगत आलेय.

दोन आठवड्यांनी परत माळवद. मिसरी बंद आहे का, असं विचारल्यावर आत्या म्हणाली, ‘‘त्याच दिशी टाकली.’’ पोरीनं कॅमेरा हळूच वळवून तुळशीच्या कुंडीमागची पत्र्याची डबी दाखवली. मग आत्यानं आणि नातीनं एकमेकींना जे सुनावलं ते मी इथं लिहीत नाही. चट्टा फिका पडला होता, गेला नव्हता. ‘‘पुढच्या आठवड्यात या. छोटासा तुकडा घेऊ आणि तपासायला पाठवू,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘‘आता एकदा नीट फोटो घेऊन ठेवू, तुलना करायला. ओठ पुढं करा.’’

आत्यानं ओठ मिटून घेतले.

‘‘आधी सांग, कोण कोण बघतंय?’’

मी आणि डॉक्टरीणबाई, एवढीच नावं सांगितली. ग्रुपचं काय, असं तिनं पुन्हा विचारलं. ग्रुप नाही, शपथ. मग ती पडद्याकडं बघत म्हणाली, ‘‘मगापासनं माझंच तोंड बघतीयास. तुझं बी दाव की.’’

डॉक्टरीणबाई हसल्या, मोठ्यानं, चौथीतल्यासारख्या. आणि तेवढ्यात नेट गेलं. चित्र तिथंच अडकलं, त्यांचं तोंड उघडंच. आत्यानं नातीच्या हातातून फोन घेतला, कमरेचा चष्मा काढून लावला आणि पडदा नाकापाशी नेऊन निवांत बघत बसली. माझा आवाज अजून जात होता की नाही कुणास ठाऊक, तिचा मात्र स्पष्ट ऐकू आला.

‘‘उजवीकडं, वर. चांदी भरलीया गं हिनं बी.’’